सडपातळ माणसानं वाढवायचं ते नेमकं काय?

व्हिडिओ कॉल लागतो. आई आधी चेहरा बघते, मग मनगटं बघते आणि "कसा आहेस?" विचारायच्या आधीच म्हणते, "किती वाळलायस रे! जेवतोस ना वेळेवर?" मागून काकूंचा आवाज येतो, "तिकडे तूप मिळत नाही का?" आपण हसून विषय बदलतो. पण फोन ठेवल्यावर आरशासमोर उभं राहून खांद्यांची हाडं बघणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

तुम्ही त्यातले असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही, शर्ट खांद्यावरून लोंबतो, मुलींच्या बाबतीत "कुपोषित दिसतेस" असं कुणीतरी गमतीत म्हणून जातं आणि ते गमतीत घेता येत नाही. पॉडकास्टच्या गप्पांमध्ये आकडे नीट सांगता येत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. पेशींवर काम करणारा संशोधक आहे. पण या विषयातली एक ठरावीक चूक मी स्वतः करून बसलो होतो, आणि तीच चूक आपल्याकडची बरीच मुलं करतात.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं वजन ५४ किलो होतं, उंची १७५ सेंटिमीटर. वजन वाढवायचंच असं ठरवलं आणि मिळेल ते खायला लागलो. रात्री लॅबमधून येताना पिझ्झा, झोपताना आइस्क्रीम, सकाळी डब्यावर पैलवानाचं चित्र असलेली पावडर. दीड वर्षात ६३ किलो झालो. घरी सगळे खूश. पण दंड होते तेवढेच राहिले होते, वाढलं होतं ते पोट. त्याच सुमाराला एका नेहमीच्या रक्ततपासणीत एचबीए१सी ५.९ टक्के आलं. म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. वय २८, बीएमआय २१ सुद्धा नाही, आणि डॉक्टर साखरेबद्दल बोलत होते. मला वाटलं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल.

तो माझाच होता. तो का तसा आला हे समजून घेतलं तर "वजन कसं वाढवू?" हा प्रश्नच थोडा बदलून विचारावा लागतो.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा मजकूर आणि एक फोटो छापून आला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे होते. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानानं वजन दोघांचंही व्यवस्थित. मग दोघांच्या शरीरातली चरबी डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीनं मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असं नाव पडलं. युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांनी स्वतःबद्दल गमतीनं लिहिलं होतं की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं.

गंमत बाजूला ठेवू. दोन माणसांची तुलना हा काही पुरावा नाही, ते एक चित्र आहे. पुरावा त्याच गटाच्या दुसऱ्या कामात आहे. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. इकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नाही. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी होते, तर कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीकडे झुकलेली. याज्ञिकांनी या ठेवणीला 'थिन-फॅट' म्हटलं. आपण 'बारीक-चरबट' म्हणू.

याचा अर्थ प्रत्येक सडपातळ मराठी माणूस आतून चरबट आहे असा नाही. पण दक्षिण आशियाई लोकांमध्ये त्याच बीएमआयला स्नायू कमी, चरबी जास्त आणि मधुमेहाचा धोका जास्त, हे पुढे अनेक देशांत दिसलं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी धोक्याची पहिली खूण बीएमआय २५ ऐवजी २३ वर सुचवली. ब्रिटनमध्ये राहत असाल तर तिथले डॉक्टर दक्षिण आशियाई रुग्णांसाठी हाच आकडा वापरतात.

स्नायू इतके महत्त्वाचे का? जेवल्यावर रक्तात साखर येते. इन्सुलिनच्या सांगण्यावरून ती रक्तातून उचलायचं बहुतांश काम स्नायू करतात. स्नायू म्हणजे साखरेचं कोठार. कोठार लहान असेल आणि आपण वरून पिझ्झा आणि आइस्क्रीम ओतत राहिलो, तर माल ठेवायला जागाच नाही. मग तो पोटात आणि यकृतात चरबी म्हणून साठतो. माझ्या रिपोर्टमध्ये बहुधा हेच झालं होतं. उलट स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत घेतात. म्हणजे व्यायामानं कोठार मोठं होतं आणि त्याला आणखी एक दारही उघडतं.

तेव्हा सडपातळ माणसानं वाढवायचे ते स्नायू. वजन त्यांच्या मागून येईलच, पण थोडं आणि हळू.

"कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही"

हे वाक्य खोटं नसतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळं मोजूनमापून. तरीही चरबीतली वाढ कुणात जेमतेम ०.३६ किलो, तर कुणात ४.२३ किलो. फरक कशामुळे? मुख्यतः बारीकसारीक हालचालींमुळे. पाय हलवणं, उठबस, उगाच येरझाऱ्या, ताठ बसणं. जास्त खाल्ल्यावर काहींच्या शरीरानं नकळत या हालचाली इतक्या वाढवल्या की रोजच्या जवळपास ७०० कॅलरी त्यातच गेल्या. आई म्हणते ना, "एका जागी बसवत नाही याला", ते शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य निरीक्षण आहे.

यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. क्लोद बुशार यांनी १९९० मध्ये जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना असंच जास्त खायला दिलं. सगळ्यांचं जादा खाणं सारखं, तरी वजनवाढ ४.३ पासून १३.३ किलोपर्यंत होती. पण एकाच जोडीतल्या दोन भावांची वाढ एकमेकांशी बरीच जुळणारी निघाली.

पण दुसरी बाजूही बघा. या प्रयोगांत खाणं मोजलेलं होतं. आपण "खूप खातो" म्हणतो तेव्हा बहुतेकदा एखादं जेवण आठवत असतं. शनिवारी रात्री मित्रांबरोबर दोन प्लेट बिर्याणी खाल्ली ती लक्षात राहते. मंगळवारी सकाळी नुसत्या कॉफीवर निघालो, दुपारी सेमिनारमध्ये सँडविच अर्धंच खाल्लं, रात्री दहाला खिचडी टाकली, हे विसरायला होतं. एकदा प्रयोग करा: सात दिवस, जे तोंडात जाईल ते फोनवर लिहा. उपदेश म्हणून नाही, डेटा म्हणून. अनेक सडपातळ लोकांना त्यात एक नमुना दिसतो: दोन दिवस भरपूर, पाच दिवस तुटपुंजं.

आणखी एक शब्द तुम्हाला जिममध्ये ऐकायला मिळेल, "एक्टोमॉर्फ". म्हणजे जन्मजात काटकुळा. हा शब्द विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४० च्या सुमारास रूढ केला. त्याचा दावा असा होता की शरीराच्या आकारावरून माणसाचा स्वभावही कळतो. तो दावा विज्ञानानं केव्हाच मोडीत काढला. तुमची हाडं बारीक असतील, ती बदलणार नाहीत. पण "मी एक्टोमॉर्फ, माझं काही होणार नाही" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

स्नायू कशानं वाढतो?

स्नायू ठेवणं शरीराला महाग पडतं. म्हणून गरज दाखवल्याशिवाय ते वाढवत नाही. गरज दाखवायची म्हणजे स्नायूवर ताण द्यायचा, आणि सवय झाली की ताण थोडा वाढवायचा. जुन्या तालमींमध्ये वस्ताद पोराच्या जोर-बैठकांचा आकडा हळूहळू वाढवत न्यायचे, ते याच तत्त्वावर. आज त्याला 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड' म्हणतात.

ताण मिळाल्यावर स्नायूंच्या पेशी नवीन प्रथिनं बांधायला लागतात. हे काम व्यायामानंतर एक-दोन दिवस चालू राहतं. त्याला कच्चा माल लागतो, म्हणजे खाण्यातली प्रथिनं. ऊर्जा लागते, म्हणजे पुरेशा कॅलरी. आणि वेळ लागतो, त्यात झोपही आली. यातला एक पाय लंगडा पडला तरी वाढ मंदावते. मी नुसत्या कॅलरी वाढवल्या होत्या. गरज दाखवलीच नव्हती, म्हणून शरीरानं आलेला माल चरबीच्या खात्यात जमा केला.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद झपाट्यानं वाढते, पण आरशात काहीच दिसत नाही. तेव्हा मेंदू आणि नसा आहेत तेच स्नायू जास्त चांगले वापरायला शिकत असतात. बरेच जण नेमके याच टप्प्यावर सोडून देतात. तीन महिने होईपर्यंत आरशाला काही विचारूच नका.

आणि शेजारच्याशी तुलना तर नकोच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८५ स्त्री-पुरुषांनी एका दंडाचा सारखाच व्यायाम १२ आठवडे केला. कुणाच्या दंडाचा स्नायू ५९ टक्के वाढला, कुणाचा वाढलाच नाही. पण जवळजवळ सगळ्यांची ताकद वाढली. मुलींना भीती असते की वजनं उचलली तर पुरुषी दिसू. त्यांच्या मूळ स्नायूंच्या प्रमाणात बघितलं तर वाढ मुलांइतकीच होते, पण मुळातच स्नायू कमी असल्यानं एकूण आकार फार वाढत नाही. आणि हाडं मजबूत होतात, जे बारीक बांध्याच्या मुलींसाठी विशेष महत्त्वाचं आहे.

आठवड्यातून तीन दिवस

सुरुवातीला हात एक दिवस, छाती एक दिवस असं वाटून घ्यायची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, संपूर्ण शरीराचा व्यायाम करा. प्रत्येक दिवशी पाच प्रकार पुरेत:

- बसून उठायचा एक: स्क्वॉट. आधी हातात एक डंबेल छातीशी धरून, मग बारबेलनं.
- कमरेतून वाकून उचलायचा एक: डेडलिफ्ट किंवा त्याचा सोपा प्रकार.
- पुढे ढकलायचा एक: पुश-अप किंवा बेंच प्रेस.
- आपल्याकडे ओढायचा एक: रोइंग किंवा वरून ओढायचं लॅट पुलडाउन मशीन.
- डोक्यावर ढकलायचा एक: खांद्यांचा प्रेस.

प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा, मध्ये दोनेक मिनिटं विश्रांती. तासाभरात होतं. वजन असं निवडा की सेट संपताना "अजून फार तर दोन निघाले असते" असं वाटलं पाहिजे. तिन्ही सेटमध्ये १२ पूर्ण झाले की पुढच्या वेळी सगळ्यात लहान पायरीनं वजन वाढवा. वही ठेवा किंवा फोनमध्ये लिहा. न लिहिता केलेला व्यायाम बहुधा महिनोन्‌महिने त्याच वजनावर अडकतो.

वजन हलकं असेल तर चालत नाही असंही नाही. प्रयोगांमध्ये हलकी वजनं जास्त वेळा उचलूनही स्नायू तेवढेच वाढलेले दिसतात, अट एकच की सेटच्या शेवटी दमछाक झाली पाहिजे. म्हणजे जिमची फी परवडत नसेल तर खोलीतले जोर, बैठका आणि पुस्तकं भरलेली सॅकही सुरुवातीला पुरते. पहिले दोन आठवडे मुद्दाम हलकं घ्या आणि पद्धत शिकून घ्या. विद्यापीठाच्या जिममध्ये बहुतेक ठिकाणी सुरुवातीला कुणीतरी दाखवायला असतं. विचारायला लाजू नका. तिथल्या सगळ्यात दणकट माणसानंही कधीतरी रिकामा बारच उचलला होता.

चालणं, सायकल बंद करू नका. "कार्डिओनं स्नायू जळतात" ही भीती आपल्यासारख्यांच्या बाबतीत अवाजवी आहे. रोज मॅरेथॉनची तयारी करत नसाल तर काही बिघडत नाही, आणि हृदयाला ते हवंच असतं.

खुराक

पैलवानांच्या भाषेत आहार वेगळा आणि खुराक वेगळा. आहार सगळेच घेतात, खुराक मेहनतीला जोडून असतो. तो शब्द मला आवडतो, कारण त्यात हिशोब आहे.

पहिला हिशोब कॅलरींचा. सध्या वजन स्थिर असेल, तर आत्ताच्या खाण्यात रोज ३०० ते ५०० कॅलरी वाढवा. १००० नाही. स्नायू बांधायचा वेग शरीर ठरवतं, जास्त ओतल्यानं तो वाढत नाही.

दुसरा हिशोब प्रथिनांचा. २०१८ मध्ये ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की व्यायामाबरोबर प्रथिनं वाढवली की स्नायू जास्त वाढतात, पण शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर सरासरीनं वेगळा फायदा दिसत नाही. ५५ किलोच्या माणसाला म्हणजे ८८ ग्रॅम.

आता आपलं शाकाहारी, विद्यार्थी पद्धतीचं जेवण मोजून बघू. सकाळी पोहे: ४-५ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण: १८. चहाचं दूध: २-३. रात्री खिचडी आणि वाटीभर दही: १४. बेरीज ४० च्या आसपास. पोट भरलेलं, चव घरची, आणि प्रथिनं गरजेच्या निम्म्याहून कमी. यात जेवणाचा दोष नाही. वरण-भाताची जोडी उत्तमच आहे: डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते तांदळात असतं, आणि तांदळात कमी ते डाळीत. फक्त आपण वरण पातळ करतो आणि भात जास्त घेतो.

मग उरलेले ४५-५० ग्रॅम कुठून आणायचे? घरचं जेवण न सोडता:

- खिचडीत तांदूळ कमी करून ३० ग्रॅम डाळ जास्त: ७ ग्रॅम.
- साध्या दह्याऐवजी २०० ग्रॅम ग्रीक योगर्ट: १४ ग्रॅम जास्त.
- दिवसभरात ४०० मिलिलिटर दूध: १३ ग्रॅम.
- मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे: ७ ग्रॅम.
- एका भाजीत २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स: १३ ग्रॅम.

झाले ५० पेक्षा जास्त, आणि जादा कॅलरीही ५०० च्या आसपासच. अंडी खात असाल तर एका अंड्यात ६ ग्रॅम. चिकन-मासे खात असाल तर शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनच्या छातीच्या तुकड्यात ३० ग्रॅम. मग काम आणखी सोपं. दूध पचत नसेल तर दही, पनीर किंवा लॅक्टोजमुक्त दूध घेऊन बघा. प्रथिनं एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळांत वाटून घ्या.

भूकच लागत नाही ही सडपातळ माणसाची खरी अडचण असते. भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघा. ताटभर कोशिंबीर आधी खाऊन पोट भरू नका, ती शेवटी घ्या. दूध, केळं, शेंगदाण्याचं बटर आणि ओट्स मिक्सरमधून फिरवून प्यायलं तर चावून खाण्यापेक्षा सहज जातं. खजूर, बदाम, शेंगदाणे बॅगेत ठेवा. आणि न्याहारी चुकवू नका, हवं तर रात्रीच भिजवून ठेवा.

काकूंच्या तुपाचं काय? एक मोठा चमचा तूप म्हणजे सव्वाशे कॅलरी आणि प्रथिनं शून्य. वरणावर धार जरूर घ्या, पण तुपानं दंड भरत नाहीत.

डबे आणि पुड्या

'मास गेनर' नावाच्या पावडरीत बहुतेक वेळा मुख्य घटक माल्टोडेक्स्ट्रिन असतो, म्हणजे झटकन पचणारी पिठूळ साखर. बारीक-चरबट शरीराला नेमकं तेच नको असतं. डब्याची मागची बाजू वाचा. व्हे प्रोटीन घ्यायला हरकत नाही, पण ते औषध नाही. ते सोयीस्कर अन्न आहे, एका स्कूपमध्ये २०-२५ ग्रॅम प्रथिनं. वरच्या यादीतून भागत असेल तर त्याची गरज नाही.

क्रिएटिन ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यामागे भक्कम पुरावा आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट. शाकाहारी लोकांच्या स्नायूंमध्ये ते मुळात कमी असतं, त्यामुळे फरक जाणवण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला वजन किलोभर वाढतं ते पाण्यामुळे, हुरळून जाऊ नका. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि जिममध्ये कुणी हळूच गोळ्या किंवा इंजेक्शन पुढे केलं, किंवा ऑनलाइन 'सार्म्स' दिसले, तर सरळ नाही म्हणा. अमेरिकेत तर सप्लिमेंट बाजारात येण्याआधी त्यांना सरकारी मंजुरी लागत नाही. डब्यात लेबलवर लिहिलेलंच असेल याची खात्री नसते.

मोजायचं काय?

फक्त वजन मोजलंत तर तुम्ही माझीच चूक कराल. तीन गोष्टी मोजा.

एक, वजन: आठवड्यातून तीन-चार सकाळी, आणि त्यांची सरासरी. आठवड्याला शरीराच्या पाव ते अर्धा टक्का वाढ हा चांगला वेग आहे. ५५ किलोच्या माणसासाठी दीडशे ते पावणेतीनशे ग्रॅम. महिन्याला अर्धा ते एक किलो.

दोन, कंबर: दर पंधरा दिवसांनी, टेपनं. वजनाबरोबर कंबरही झपाट्यानं वाढत असेल तर कॅलरी कमी करा. दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानतात, पण तिथपर्यंत जायची वाट कशाला बघायची?

तीन, वही: तीन महिन्यांपूर्वी २० किलोचा स्क्वॉट होता, आज ४५ चा आहे का? हा आकडा वाढत असेल आणि कंबर जागेवर असेल, तर तुमचं बरोबर चाललंय, मग काटा काहीही म्हणो.

वजन तीन आठवडे हललंच नाही तर रोजच्या खाण्यात आणखी शंभर-दीडशे कॅलरी घाला. झोप सात तासांपेक्षा कमी होत असेल तर आधी ती दुरुस्त करा.

आधी डॉक्टर, मग डंबेल

लहानपणापासून बारीक असणं वेगळं आणि बारीक होत जाणं वेगळं. काही न करता वजन घटत असेल, फार तहान लागून वारंवार लघवी होत असेल, सतत जुलाब किंवा पोट फुगणं असेल, छातीत धडधड आणि हातांना कंप असेल, लांबलेला खोकला आणि संध्याकाळचा ताप असेल, मुलींची पाळी बंद झाली असेल, तर आधी तपासणी. मधुमेह, थायरॉइड, सिलिॲक, क्षय यांपैकी काहीही असू शकतं. आणि खायची भीती वाटत असेल, किंवा परदेशातल्या एकटेपणात जेवायची इच्छाच मेली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच कारण आहे. घरात कुणाला मधुमेह असेल तर बारीक असलात तरी एचबीए१सी एकदा करून घ्या. "तुम्ही तर किती बारीक आहात" असं कुणी म्हणालं, तरी शांतपणे आग्रह धरा.

माझं पुढे काय झालं? दोन वर्षं आठवड्यातून तीन दिवस उचललं, वरच्यासारखं खाल्लं. वजन ६३ वरून ६४ झालं. म्हणजे काट्याच्या हिशोबानं काहीच नाही. कंबर सात सेंटिमीटरनं कमी झाली, दंडांना आकार आला, आणि एचबीए१सी ५.४ वर आलं. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, पुरावा वर दिला आहे. पण वजन तेच आणि माणूस वेगळा, हे मी स्वतःच्या अंगावर बघितलं.

१९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते बँटमवेट गटात खेळले होते. त्या गटाची मर्यादा होती ५७ किलो. आज व्हिडिओ कॉलवर दिसले असते तर आपल्या काकू त्यांनाही तूप घ्यायला सांगत बसल्या असत्या.

तेव्हा पुढच्या कॉलला आई "वाळलास" म्हणाली तर वाद घालू नका. तिला सांगा, "हो आई, खातोय. वरण घट्ट करतोय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन जिमला जा.